लेकरू मलूल दिसतंय, आज शाळेत पाठवू का?

सकाळचे सहा वाजलेत. डबा अर्धा भरून झालाय, व्हॅन पंधरा मिनिटांत कोपऱ्यावर येईल आणि लेकरू अजून अंथरुणात. दोनदा हाक मारली, पांघरूण ओढलं, तरी कूस बदलून पुन्हा डोळे मिटले. आजी म्हणते, "अगं, राहू दे आज. चेहरा बघ कसा उतरलाय." बाबा दाढी करता करता म्हणतात, "एकदा घरी ठेवलं की सोकावेल." आणि आई हातात मोजे घेऊन दोघांच्या मध्ये उभी.

मी गेली अठरा वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते आणि दोन मुलांची आई आहे. मोजे हातात घेऊन मीही उभी राहिले आहे, आणि वर्गाच्या दारात पेंगुळलेलं मूल माझ्याकडे सोपवून मागे वळून वळून बघत जाणाऱ्या आयाही रोज पाहते. ज्यांचं मूल यंदा पहिल्यांदाच बालवाडीत, शिशुवर्गात किंवा पहिलीत जायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

या वयाचं मूल 'मी थकलोय' असं सांगत नाही. ते म्हणतं, "मला नाही जायचं," "पाय दुखतात," "पोटात दुखतंय," किंवा मोजा वाकडा बसला म्हणून भोकाड पसरतं. त्यामागे अपुरी झोप आहे, येऊ घातलेला आजार आहे, रिकामं पोट आहे की कसली तरी भीती आहे, हे आधी शोधायचं. चारही वेळा मूल सारखंच मलूल दिसतं, पण चारही वेळा करायचं वेगवेगळं असतं.

पहिली पायरी: आदल्या रात्रीचा हिशोब

सकाळी सहाला घाईत घेतलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो. म्हणून निम्मा निर्णय रात्रीच घेऊन ठेवावा. मूल झोपलं की तीन गोष्टी आठवा. संध्याकाळी नेहमीसारखं खेळलं का? जेवलं किती? नेमकं किती वाजता झोपलं? खेळ सोडून मांडीत येऊन बसलेलं, आवडीचा वरणभात अर्धा टाकलेलं आणि साडेसातलाच आपणहून आडवं झालेलं मूल बहुधा आजाराच्या वाटेवर असतं. तसं दिसलं तर 'उद्या घरी राहायची वेळ आली तर कोण राहणार' हे रात्रीच बोलून घ्या. दारात बूट घालताना हा विषय निघाला की भांडण होतं, आणि ते मूल ऐकत असतं. आपल्यामुळे घरात वाद झाला एवढंच त्याला कळतं.

मग झोपेचे तास मोजा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप हवी, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. आता हे आपल्या घराला लावून बघा. सातची शाळा, म्हणून पावणेसहाला उठायचं. पाच वर्षांच्या मुलाला रात्रीत दहा तास मिळायचे तर पावणेआठला डोळा लागायला हवा. पावणेआठला कित्येक घरांत बाबा लोकलमध्ये असतात आणि कुकर नुकताच लागलेला असतो. जेवण नऊला, मग आवराआवर, मग थोडा मोबाइल, आणि झोप साडेदहाला. म्हणजे सव्वासात तास. दुपारी दीड तास झोपलं असं धरलं तरी पावणेनऊ. कमीत कमी जेवढी हवी त्यापेक्षाही सव्वा तास कमी, आणि तेही रोज. सोमवारी ताजंतवानं असलेलं मूल गुरुवारी उठत नाही याचं कारण बहुतेक घरांत एवढंच असतं.

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असं सांगितलं, त्यामागे मुलांची पुरी न होणारी झोप हे एक मुख्य कारण होतं. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळा आणि बसच्या फेऱ्यांमुळे सगळीकडे ते जमलेलं नाही. तुमच्या मुलाची शाळा अजून सातची असेल तर पालकसभेत हा विषय जरूर काढा. एकट्याने काढण्यापेक्षा चार-पाच पालकांनी मिळून काढलेला बरा.

दुसरी पायरी: उठवल्यावर वीस मिनिटं थांबा

अंथरुणातल्या मुलाकडे बघून काहीच ठरवू नका. गाढ झोपेतून उठवलेलं कुठलंही मूल पहिली दहा-पंधरा मिनिटं गळाठलेलंच असतं. पडदे उघडा, दिवा लावा, शू करायला न्या, तोंड धुवा, दोन घोट पाणी आणि काहीतरी खायला द्या. अर्धं केळं, राजगिऱ्याचा लाडू, दूध-पोळी, जे घरात असेल ते. रात्री आठ-साडेआठला जेवलेलं मूल सकाळी सहाला उपाशीच असतं, आणि उपाशी मुलाचा थकवा आजारासारखाच दिसतो. चहा-बिस्किटावर भागवू नका. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि गोड बिस्किटांवर मूल दुसऱ्या तासापर्यंतही टिकत नाही. वर्गात नऊच्या सुमाराला बाकावर डोकं टेकणाऱ्या मुलांना मी आधी विचारते, "सकाळी काय खाल्लंस?" बहुतेकांचं उत्तर 'चहा' असतं.

या वीस मिनिटांत मुलाकडे नीट बघा. डोळे लाल किंवा खोल गेलेत का? ओठ सुकलेत का? आवाज बसलाय का? पोटाला आणि पाठीला हात लावा, कपाळ आणि तळहात फसवतात. शू गडद पिवळी झाली का? रोज पळवायला लागतं ते भावंडांचं खेळणं समोर ठेवलं तर हात पुढे येतो का? माझी आई म्हणायची, "भांडायला उठलं की बरं झालं." मला हा निकष थर्मामीटरच्या खालोखाल भरवशाचा वाटतो. चिडलेलं, रडणारं, मोजे भिरकावणारं मूल बहुधा झोपेला कमी पडलेलं असतं. काहीच न म्हणता, नेसवाल तसं नेसून घेणारं, दुधाचा पेला हातात तसाच धरून बसलेलं एरवीचं दंगेखोर मूल मात्र मला काळजीत टाकतं.

आणखी एक गोष्ट नव्या पालकांना माहीत नसते. अपुऱ्या झोपेचं मूल वर्गात पेंगतंच असं नाही. उलट ते जास्त उड्या मारतं, ढकलतं, चावतं, पेन्सिल तुटली म्हणून तासभर रडतं. 'शाळेत गेला की मस्त मजेत असतो, बाई सांगतात फार मस्ती करतो' हा निरोप घरी आला तर त्याची झोप मोजून बघा.

तिसरी पायरी: ताप मोजा, आणि औषध देऊन पाठवू नका

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. काखेत लावून बीप होईपर्यंत धरायचा. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतं, तेवढं ध्यानात ठेवा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त भरला की ताप. मग प्रश्नच मिटला, मूल घरी. ९९ च्या आसपास कणकण असेल आणि मूल गळून गेलेलं असेल तरी घरीच ठेवा. आकड्यापेक्षा मुलाच्या अवस्थेला जास्त वजन द्यायचं.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती फार घरांत होते. माझी मुलगी मोठ्या शिशुवर्गात होती. माझ्या शाळेत त्या दिवशी तपासणी होती, घरी कुणी नव्हतं. सकाळी तिला ताप होता. मी पॅरासिटामॉलचं औषध पाजलं, अर्ध्या तासात ती घामेजून हसायला लागली, आणि मी तिला पाठवलं. औषधाचा असर चार ते सहा तास. साडेदहाला तिच्या शाळेतून फोन आला, ताप १०३. मी पोचेपर्यंत ती कार्यालयातल्या बाकावर दप्तर उशाला घेऊन पडली होती. त्या आठवड्यात तिच्या वर्गातली आणखी पाच मुलं तापाने घरी होती. औषधाने ताप झाकला जातो, आजार आत तसाच असतो, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलापर्यंत पोचतो. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच शाळा.

तापाला मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीच्या आसपास डेंग्यूचे दिवस असतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेनही नको.

डेंग्यूचं एक लक्षण पालकांना चकवतं. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि 'आता फक्त अशक्तपणा आहे' म्हणून मुलाला शाळेत पाठवतात. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावरच्या २४ ते ४८ तासांत असतो. ताप नाही, पण मूल झोपाळू आहे, पोट दुखतंय, सारख्या उलट्या होतात, हातपाय गार पडलेत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, तर शाळेचा विचारही मनात आणू नका, सरळ दवाखाना गाठा.

थकव्याबरोबर पुढचं काहीही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं:

- हाक मारली, हलवलं तरी नीट जागं होत नाही, किंवा असंबद्ध बोलतं
- मान ताठ झालीय, हनुवटी छातीला टेकवता येत नाही, उजेड सोसत नाही
- श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो किंवा धाप लागते (१ ते ५ वर्षांच्या मुलाचा शांत असताना श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तो वेगाचा समजावा)
- आठ तासांत शू झालेली नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही
- काचेचा पेला दाबून धरला तरी न पुसटणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर दिसतात
- पडल्यावर डोक्याला मार लागला होता आणि आता झोप अनावर झालीय किंवा उलटी होतेय

ठरावीक आजारांत सुट्टी किती, हे थोडक्यात. जुलाब-उलट्या थांबल्यावर निदान २४ तास, जमल्यास ४८. कांजिण्यांत प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस. हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ पावसाळ्यात येते, तेव्हा ताप जाऊन, नीट खाता येऊन फोड सुकेपर्यंत. डोळे आले असतील तर चिपडं येणं थांबेपर्यंत. साध्या सर्दीला, नाक वाहत असलं तरी मूल खेळत-खात असेल तर घरी ठेवायची गरज नाही, खिशात रुमाल द्या. उवांसाठी तर मुळीच नाही.

चौथी पायरी: आजार नाही, नुसती झोप कमी पडलीय

बहुतेक सकाळी प्रकरण इथेच येऊन थांबतं, आणि खरी घालमेल इथेच असते.

एका रात्रीचं जागरण असेल, मूल उठून खातंपितं झालं असेल, तर पाठवा. त्या दिवशी दुपारची झोप लांबवू नका, तासाभराने उठवा, संध्याकाळचा क्लास बुडवा आणि साडेसातला जेवू घालून आठला झोपवा. क्लास बुडाला तर काही बिघडत नाही. चार वर्षांच्या मुलाला शाळेनंतर नाच, बुद्धिबळ आणि अबॅकस अशा तीन ठिकाणी नेणाऱ्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, थकवा कमी करायचा तर आधी तिथे कात्री लावा.

जागरण दोन-तीन रात्रींचं असेल तर गोष्ट वेगळी. गणपतीला कोकणात गेलात, रविवारी रात्री गाडीत उभ्या गर्दीतून परत आलात, पहाटे चारला घरी पोचलात. त्या सोमवारी सहा वाजता मुलाला उठवणं हा अन्याय आहे. त्याला सुट्टी द्या, किंवा शाळा परवानगी देत असेल तर मधल्या सुट्टीपर्यंत उशिरा न्या. त्याहून बरं म्हणजे परतीचं तिकीट एक दिवस आधीचं काढा. लग्नाची हळद, नवरात्रातला गरबा, गावची जत्रा, हे सगळं मुलांनी अनुभवावं असं मला मनापासून वाटतं. फक्त दुसऱ्या दिवसाची सोय त्याच वेळी लावून ठेवा.

वयाचाही विचार करा. तीन-चार वर्षांचं मूल एक दिवस बालवाडीत गेलं नाही म्हणून त्याचं काहीही बुडत नाही, तिथे मन मोकळं ठेवा. पहिली-दुसरीत रोज थोडं थोडं पुढे जातो, काना-मात्रा, हातच्याची बेरीज असा क्रम असतो, पण एखादा दिवस आम्ही सहज भरून काढतो. त्रास होतो तो दर आठवड्याला एक दिवस जाणाऱ्या मुलाला. अभ्यासाआधी त्याची बाकावरची जागा, जोडीदार, खेळातली टोळी सुटत जाते, आणि मग शाळेत येणंच जड होतं.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस काही शाळांत असतं. त्यासाठी तापलेलं पोर आणून बसवू नका. मी माझ्या वर्गात ते बक्षीस देणं बंद केलंय. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की मुलं दमतात, तेव्हा 'नाचातून काढतील' या भीतीने आया आजारी मुलांना पाठवतात. बाईंना फोन करा, निदान माझ्यासारख्या बाई तरी एका तालमीसाठी कुणाला काढत नाहीत.

आणि ज्यांच्या घरी खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं आहे, त्यांची अडचण मला चांगली माहीत आहे. नुसतं दमलेलं, ताप नसलेलं मूल पाठवावं लागलं तर संकोच न करता बाईंना सांगा, "बाई, रात्री झोप झालेली नाही, जरा बघा." आम्ही त्याला मागच्या बाजूला सतरंजीवर तासभर झोपू देतो, मैदानावर पळवत नाही. सांगितलंच नाही तर तेच मूल 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खातं.

पाचवी पायरी: मन थकलंय का, हे शोधा

रविवारची परीक्षा घ्या. सोमवार ते शुक्रवार सकाळी पोट दुखतं, शनिवार-रविवारी त्याच वेळी मूल सायकल घेऊन पळतं. दुखणं बेंबीभोवती, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, आणि व्हॅन निघून गेली की थांबतं. हे नाटक समजून रागावू नका. काळजीने मुलाचं पोट खरंच दुखतं. दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, एका बाजूला असेल, सोबत ताप-उलटी किंवा वजन उतरणं असेल, तर मात्र ते शरीराचंच समजून तपासून घ्या.

"शाळेत काय झालं?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही." त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा. डबा कुणाजवळ बसून खाल्लास? व्हॅनमध्ये खिडकीशी कोण बसतं? आज शू कुठे केलीस? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण मी तो मुद्दाम सांगते आहे. शाळेच्या मोरीचा वास येतो, कडी लागत नाही, मोठी मुलं दार वाजवतात, म्हणून कितीतरी लहान मुलं पाच-सहा तास शू दाबून धरतात. दाबायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. घरी येतात ती डोकं दुखत, गळून गेलेली, आणि दुसऱ्या दिवशी जायला नको म्हणतात. पाण्याची बाटली भरलेलीच परत येत असेल तर याची शंका घ्या आणि वर्गशिक्षिकेशी बोला. यावर उपाय शाळेला करता येतो, आम्हाला कळलं पाहिजे.

शाळेत मारणं किंवा अपमान करणं शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे बंद आहे. मूल एखाद्या विशिष्ट माणसाचं, शिक्षकाचं, व्हॅनवाल्याचं, मोठ्या मुलाचं नाव निघताच गप्प होत असेल, अंथरूण पुन्हा ओलं करू लागलं असेल, अंगाला हात लावू देत नसेल, तर त्याला घरी ठेवा, शांतपणे ऐकून घ्या, सगळ्यांदेखत उलटतपासणी करू नका. मदतीसाठी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

साधी कुरकुर असेल, नवी शाळा, नव्या बाई, घरी आलेलं तान्हं भावंड, तर मात्र पाठवणंच हिताचं. दोन दिवस घरी ठेवलं की तिसऱ्या दिवशी उंबरा आणखी उंच होतो. दारात निरोप छोटा घ्या. "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली की मी येते" असं मुलाला कळेल असं वेळापत्रक सांगा आणि सांगितल्या वेळेला खरंच या.

सहावी पायरी: घरी ठेवलंच, तर तो दिवस कसा जावा

घरी ठेवायचं ठरलं की स्पष्ट सांगून टाका, "आज तुझं अंग दुखतंय म्हणून तू घरी विश्रांती घेणार." दर अर्ध्या तासाने "आता बरं वाटतंय ना, उगाच राहिलास" असं टोचू नका. दिवस मऊ, शांत आणि थोडा कंटाळवाणा असावा. टीव्ही-मोबाइल दिवसभर चालू राहिला, दुपारी बाहेरून खाऊ मागवला, आजोबांनी बागेत नेलं, की मुलाच्या लेखी तो सण होतो आणि 'सोकावेल' ही बाबांची भीती खरी ठरते. पेज, मऊ भात, ताक, लिंबू सरबत, जुलाब असतील तर ओआरएस, म्हणजे एका लिटरच्या पुडीला उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून. पडल्या पडल्या गोष्टी, चित्रं, डाळ-तांदूळ वेगळे करणं. झोप आली तर झोपू द्या, पण चारच्या पुढे नको, नाहीतर रात्र पुन्हा लांबते.

शाळेला सकाळीच कळवा. डायरीतल्या चिठ्ठीत 'तब्येत बरी नसल्यामुळे' एवढंच लिहून आम्हाला काही कळत नाही. असं लिहा: 'काल रात्रीपासून ताप १०१, खोकला नाही, डॉक्टरांना दाखवलं, उद्या ताप नसला तर परवा पाठवू. मधल्या सुट्टीत उन्हात खेळू देऊ नये.' यातून वर्गात साथ पसरतेय का हे आम्हाला समजतं आणि परत आल्यावर काय जपायचं तेही. झोप पुरी झाली नाही म्हणून ठेवलं असेल तर तेच लिहा, ताप होता असं लिहू नका. मूल तुमच्याकडून काय शिकतं याचा विचार करा, कारण बाईंनी विचारल्यावर ते खरंच सांगतं.

सातवी पायरी: हे वारंवार होत असेल तर

महिन्यात तीनपेक्षा जास्त सकाळी हा प्रश्न पडत असेल, तर त्या सकाळपुरता विचार पुरणार नाही. सगळ्यात आधी रात्र सुधारा. झोपेची वेळ एकदम दोन तास मागे येत नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे हे सुरू केलं तर पहिला आठवडा रडारडीविना जातो. मुलाचं जेवण सातला, सगळ्यांबरोबर नसलं तरी चालेल. झोपेआधी तासभर टीव्ही बंद, मोबाइलही. बाबा उशिरा येतात म्हणून मूल जागं राहतं, आणि त्यांनाही दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो, हे मी समजू शकते. त्यांनी सकाळची अंघोळ, दप्तर, स्टॉपपर्यंत सोडणं आपल्याकडे घ्यावं. माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांत हे बसलंय, आणि मुलं बाबांशी जास्त बोलायला लागली.

रात्र सुधारूनही थकवा राहिला तर रक्ताची तपासणी करा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहातली जवळजवळ सात. खालची पापणी ओढून बघा, आतून फिकट आहे का. जिने चढताना दम लागतो का. आणि पाटीवरची पेन्सिल, खडू, माती, भिंतीचा पोपडा खाण्याची सवय असेल तर ओरडण्याआधी हिमोग्लोबिन तपासा, लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशकाची गोळी आणि लोहाचं औषध मिळतं, त्या दिवशी मूल घरी असेल तर नंतर मागून घ्या.

रात्री तोंड उघडं टाकून घोरणारं, मध्येच श्वास अडकून दचकणारं, घामाने उशी भिजवणारं मूल दहा तास झोपूनही दमलेलंच उठतं. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. घोरण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, सांगण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. अचानक खूप तहान, सारखी शू, खाऊनही वजन उतरणं आणि थकवा, हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा, लहान मुलांनाही मधुमेह होतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद ठेवा. मूल कधी झोपलं, कधी उठलं, काय दुखतं म्हणालं, शाळेत गेलं की नाही, दोन-दोन शब्दांत. महिनाभराने ते पान घेऊन डॉक्टरांकडे किंवा आमच्याकडे या. दोन वर्षांपूर्वी एक आई असं पान घेऊन आली. मुलगा पहिलीत, दर आठवड्याला एकदा 'मी दमलोय, पाय दुखतात' म्हणून घरी राहायचा. रक्त तपासून झालं होतं, सगळं ठीक होतं. आम्ही दोघी पानावर वाकलो. फुल्या सगळ्या बुधवारी होत्या. बुधवारी कवायत, पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं आणि बूट काढायला लावले. अंगठ्याची नखं निळी पडली होती. जूनमध्ये घेतलेले बूट जानेवारीत एक नंबर लहान झाले होते, आणि ते सांगावं हे त्याला सुचलंच नव्हतं. पुढच्या बुधवारी तो नवे बूट घालून आला आणि प्रार्थनेच्या रांगेतच मला पाय पुढे करून दाखवले.